योगिनीच्या डाव्या डोळ्याची परीक्षा

माझा धाकटा भाऊ शेखर प्राथमिक शिक्षक आहे. सायखेड्याच्या पुढे मळ्यातल्या एका वस्तीवर त्याची शाळा, आणि त्या शाळेचा निकाल तेव्हा दर वर्षी शंभर टक्के. एके वर्षी निम्म्या वर्गाला गोवर आला, एके वर्षी गोदावरीचं, म्हणजे आमच्या गंगेचं, पाणी शाळेत शिरून पुस्तकांचा लगदा झाला, तरी निकाल शंभर टक्के. गुरुजींनी एकदा मनावर घेतलं की गोवर काय आणि पूर काय!

विस्तार अधिकारी तपासणीला यायचे, तेव्हा शेखर कोणता प्रश्न कुठल्या बाकावर जाईल याची आठवडाभर तालीम घ्यायचा. एकदा साहेबांनी “सांगा बरं, आपल्या राज्याचं...” एवढंच म्हटलं आणि दुसऱ्या बाकावरची पोरगी उठून “मुंबई!” म्हणून खाली बसलीसुद्धा. साहेबांना राज्याचं फूल विचारायचं होतं. पण पोरीचा ठाम आवाज ऐकून तेच गडबडले आणि ‘विद्यार्थी तत्पर आहेत’ असा शेरा मारून गेले. तो शेरा शेखरनं पुढे कितीतरी दिवस प्रत्येक पाहुण्याला तोंडी ऐकवला. मला तर फोनवर दोनदा.

मी ललिता, त्याची थोरली बहीण. लग्न करून नाशकात गंगापूर रोडला आले, तेव्हापासून माझं घर म्हणजे समस्त सायखेडेकरांची हक्काची धर्मशाळा. कुणाचा दात काढायचा, कुणाचा हात मोडला, कुणाला नुसतंच मोठ्या डॉक्टरला ‘दाखवून ठेवायचं’, सगळे पहिल्या एस.टी.नं माझ्याकडे. सोबत पिशवीभर वांगी आणतात आणि चार दिवस राहतात. वांग्यांच्या हिशेबात ते बसत नाही, पण माहेर म्हटल्यावर तोंड गोड ठेवावं लागतं.

शेखरची बाजूही सांगायला हवी. तो काही लबाड नाही. त्याला कुणी नापास झालेलं बघवत नाही, एवढंच. लहानपणी शेजारचा पुंजा पाढे चुकला म्हणून मार खायचा आणि रडायचा शेखर. त्याच कळवळ्यानं त्यानं स्वतःच्या लग्नाची प्रश्नपत्रिकासुद्धा फोडली. निफाडकडच्या सिंधूचा फोटो त्याला आवडला होता. आमची आई गोजराबाई पोरींना कसे आडवेतिडवे प्रश्न विचारते ते त्याला ठाऊक होतं. म्हणून मध्यस्थाकरवी त्यानं सगळे प्रश्न उत्तरांसकट आधीच मुलीकडे पोचवले. सिंधूनं पुरणापासून बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. आई खूश झाली आणि खुशीच्या भरात तिनं एक वरचा प्रश्न टाकला. “आमच्या शेखरमधी तुला काय आवडलं गं?”

सिंधू म्हणाली, “अजून काय दिसलं नाय.”

माझ्या भावजयीवर माझा जीव जडला तो त्याच क्षणी. लग्न झालंच. त्र्याण्णव साली योगिनी जन्मली.

आमच्याकडे पोरांना रोज काजळ घालतात. पोर अडीच वर्षांचं होत आलं तेव्हा सिंधूच्या एक गोष्ट ध्यानात आली. उजव्या डोळ्याला काजळ घालायला हात आडवा धरला की पोर किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. डाव्याला घालताना मात्र शहाण्यासारखी गप्प. कुणी म्हटलं उजव्या डोळ्याला काजळ झोंबतं, कुणी म्हटलं पोर हट्टी आहे. सिंधूनं तिला उजेडाला नेऊन डोळ्यात बघितलं, तर डाव्या बाहुलीच्या मधोमध तांदळाच्या कणीसारखं पांढरं. हात आडवा आला की पोरीचा दिसणारा उजवा डोळाच झाकला जायचा.

आमच्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि गुलाबपाणी घातलं. शेखरनं शास्त्राचं पुस्तक उघडून निकाल दिला, “मोतीबिंदू हा वार्धक्यात होणारा विकार आहे.” पुस्तकात तसं छापलेलं होतं, त्यामुळे योगिनीला तो होणं शक्यच नव्हतं. असे सहा महिने पुस्तकाच्या मानात गेले. शेवटी सिंधूनं पोर काखोटीला मारली, नवऱ्याला “मी चालले, यायचं तर या” म्हणाली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. पाठोपाठ शेखर, वांग्यांची पिशवी घेऊन.

डॉ. तृप्ती कुलथे यांचा दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. बाईंनी तपासलं आणि सांगितलं, मोतीबिंदूच आहे, काही मुलांना तो जन्मापासून असतो आणि वाढत जातो. पांढरं झालेलं भिंग काढून टाकायचं आणि त्या जागी कायमचं प्लॅस्टिकचं भिंग बसवायचं. इतक्या लहान मुलांना भिंग बसवायला आता कुठे सुरुवात झाली होती. शेखरनं पंपाची मोटर घेताना विचारतात तसं विचारलं, “कितपत टिकतं?” बाई म्हणाल्या, “तिच्या जन्माला पुरेल.”

ऑपरेशन छान झालं. माझ्या घरी मात्र बघायला येणाऱ्यांची रीघ. “एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात प्लॅस्टिक!” असं हळहळायचं, दोनदा चहा घ्यायचा, एक बशी चिवडा संपवायचा आणि “देव बघतोय” म्हणून निघायचं. देव बघत असेलही. इथे प्रश्न योगिनीनं बघण्याचा होता.

कारण खरी गोष्ट डॉक्टरबाईंनी नंतर सांगितली. मी समोरच बसले होते. नुसतं भिंग बसवून भागत नाही, त्या म्हणाल्या. हे भिंग जवळचं-लांबचं आपोआप जुळवून घेत नाही, म्हणून दुहेरी काचेचा चष्मा लागणार. शिवाय डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूसारखा गोल हवा, योगिनीचा जरा अंड्यासारखा आहे, त्यामुळे उभी रेघ स्पष्ट दिसते आणि आडवी पसरल्यासारखी. त्यासाठी तिरपा नंबरही चष्म्यात घालावा लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टी. रोज काही तास उजवा, चांगला डोळा बंद ठेवायचा.

“चांगला?” शेखरनं विचारलं.

“चांगलाच. गुरुजी, तुमच्या भाषेत सांगते. डावा डोळा इतके दिवस वर्गात आलाच नाही, म्हणून मेंदूनं हजेरीतून त्याचं नाव कमी केलंय. उजवा उघडा राहिला तर मेंदू डाव्याकडे ढुंकून बघणार नाही. उजवा झाकला की झक मारत डाव्याला बघायला शिकावं लागेल. पण हे सात-आठ वर्षांची होईपर्यंतच जमतं. त्यानंतर मेंदू ऐकत नाही, मग भिंग कितीही स्वच्छ असो.”

शेखरला त्यातलं नेमकं एकच ऐकू आलं. “म्हणजे शिकवायचंय ना? मग ते माझ्यावर सोडा.”

मी तेव्हाच कपाळाला हात लावायला हवा होता, पण मीही मास्तरची बहीण. मला वाटलं, बरं झालं, माणूस आपल्या कामाला लागला.

पट्टीचे दिवस वाईट होते. ती चिकटपट्टी, काढताना भुवईचे केस उपटायची. उन्हाळ्यात खाली पुरळ यायचं. वस्तीवरच्या बाया सिंधूला नावं ठेवायच्या. साळूबाई म्हणून एक शेजारीण होती, ती तर तोंडावर म्हणायची, “दुखरा डोळा उघडा आन चांगला बांधलेला, आसली आई नाय पाह्यली बाई!” आणि सिंधूची पाठ वळली की प्रेमानं पट्टी काढून पोरीला गूळ-शेंगदाणे द्यायची. दयाळू माणसांनी त्या डोळ्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं मोतीबिंदूनं केलं नसेल.

पाच वर्षांची झाल्यावर योगिनीची तक्त्यावरची पहिली तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत समोर दिव्याची पेटी, तिच्यावर इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या ओळी, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. ‘ई’चे पाय कुठल्या दिशेला आहेत ते सांगायचं, वर, खाली, उजवीकडे की डावीकडे. योगिनीला डाव्या डोळ्यानं वरच्या दोनच ओळी आल्या. बाईंनी पट्टीचे तास वाढवले. पोर नाशिकपासून सायखेड्यापर्यंत एस.टी.त रडत गेली आणि शेखर शेजारी बसून गुपचूप रुमाल ओला करत गेला. त्याच्या घरात कुणीतरी नापास झालं होतं.

पुढच्या खेपेपासून त्यानं सिंधूला आणणं बंद केलं. घरी म्हैस आहे, कांद्याचं काम आहे, बाईमाणसानं कशाला हेलपाटे घालायचे, अशी कारणं. योगिनीला तो एकटाच आणायचा, आणि काय आश्चर्य! त्या खेपेला चार ओळी आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पाच. शेखरनं दवाखान्यात पेढे वाटले. कंपाउंडरला दोन दिले. बाईही आनंदल्या आणि पट्टीचे तास कमी करत करत जेमतेम तासावर आणले. शेखर माझ्या दिवाणखान्यात पाय पसरून म्हणाला, “ताई, डॉक्टरांनी भिंग बसवलं, पण डोळा घडवला कुणी?”

मी त्याला तिसरा पेढा दिला, म्हणजे तोंड बंद राहावं.

त्या वेळी योगिनी माझ्या घरी खेळताना काहीतरी पुटपुटायची. “खाली, उजवी, वर, वर, डावी...” अगदी पाढ्याच्या चालीवर, मान डोलावून. हे काय म्हणून शेखरला विचारलं तर म्हणाला, “कवायत. शाळेत बसवलीय.” कवायत म्हणते आणि हात-पाय हलवत नाही, हे मला जरा विचित्र वाटलं. पण त्याच्या शाळेत काय काय बसवलेलं असेल, ते विचारायची सोय नव्हती.

सिंधूला मात्र पेढा गोड लागला नव्हता. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं सायखेड्याच्या एस.टी.डी. बूथवरून फोन केला. “वन्सं, पट्टी लावली का ही पोर पाण्याचा गिलास हातानं चाचपती. समोर ठेवलेला गिलास! मी ह्यांना म्हणलं तं म्हणत्यात, डाक्टरपेक्षा तुला लय कळतं का. मला नाय कळत. पन गिलास तं दिसला पाह्यजे ना? ह्या टायमाला तुम्ही आत जाऊन बसा.”

मी गेले. शेखरला माझं येणं फारसं रुचलं नाही, पण थोरल्या बहिणीला बाहेर थांब म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती.

खोलीचे पडदे ओढलेले. योगिनी उंच स्टुलावर, उजवा डोळा झाकलेला, वेणीला रिबिनी. शेखर तिच्या मागे हाताची घडी घालून, साहेब वर्गात आल्यावर उभा राहतो तसा. बाईंनी छडी पहिल्या ओळीवर ठेवली. “उजवी.” दुसऱ्या ओळीवर. “खाली, वर.” आवाज खणखणीत. तिसरी ओळ झाली, चौथी सुरू झाली, आणि लाइट गेली.

पेटी विझली. खोलीत एवढा अंधार झाला की मला माझा हात दिसेना. बाहेर कंपाउंडर जनरेटरला शिव्या देत असल्याचं ऐकू आलं. आणि आत, त्या काळोखात, माझी भाची शांतपणे पुढे म्हणत राहिली.

“डावी, वर, उजवी. वर, खाली, खाली, डावी. उजवी, डावी, वर, खाली, उजवी.”

शेवटच्या ओळीपर्यंत. एकही चूक नाही. मग ती शाबासकीची वाट बघत गप्प बसली.

डॉक्टरबाईंचा आवाज आला, अगदी हळू. “योगिनी, तुला दिसतंय?”

“हो.”

जनरेटर सुरू झाला. बाईंनी तक्ता बाजूला केला आणि स्वतःचा हात तिच्यासमोर धरला. किती बोटं? योगिनीनं मान वळवून शेखरला शोधायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, “पाच?” बोटं दोन होती. बाई जवळ आल्या, पुन्हा विचारलं, आणखी जवळ आल्या. स्टुलापासून हातभर अंतरावर आल्या तेव्हा उत्तर बरोबर आलं.

“बाळा, दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?”

“चुकलं की पट्टी वाढते,” योगिनी म्हणाली. “आणि पप्पा रडतात.”

मला माझ्या भावाचा त्या दिवशी इतका संताप आला की हात शिवशिवत होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, सभ्य माणसं वाचतील. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, “ताई, पोर किती रडायची गं. मला वाटलं, एकदा पास झाली की सुटेल.” तपासणीला बसल्या-बसल्या सगळा तक्ता त्यानं पाठ केला होता आणि घरी पाढ्यांसारखा तिच्याकडून घोकून घेतला होता. सहावं वर्ष संपत आलं होतं. वर्षभराची पट्टी बुडाली होती, आणि डावा डोळा होता तिथूनही मागे आला होता.

मी त्यांच्यासोबत सायखेड्याला गेले, कारण तो एकटा घरी जाऊन ही बातमीही सजवून सांगेल अशी मला खात्री होती. सिंधू कांदे साठवायच्या चाळीत कांदा निवडत होती. मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. सडका कांदा बाजूला टाकला, हात लुगड्याला पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, “आता तिला तुम्ही काय बी शिकवायचं नाय. तिला जे दिसल ते ती सांगल. नाय दिसलं तं नाय सांगायची.”

त्यानंतरची दोन वर्षं सिंधूनं चालवली. पट्टी पुन्हा जवळजवळ दिवसभर. साळूबाईला तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, गूळ-शेंगदाण्यांसकट. पट्टी लावलेल्या पोरीपुढे रोज ताटात तांदूळ, मटकी, मेथीची जुडी. डाव्या डोळ्यानं खडे निवड, पानं खुड, मण्यांत दोरा घाल. शेखरला कामाला लावलं होतं ते असं, की त्यानं समोर बसायचं, पोरीच्या हातून सुटलेला खडा दिसला तरी बोलायचं नाही आणि तो खडा भातात आला की मुकाट्यानं खायचा. दोन वर्षांत गुरुजींची एक दाढ गेली. तीही काढायला माझ्याकडेच आला. मधल्या काळात शाळेतही त्याचा निकाल एकदा शंभरावरून घसरला म्हणे. अधिकारी चकित झाले. मी नाही झाले.

बाईंनी तक्ते आता बदलते ठेवले होते आणि चष्म्याचा तिरपा नंबरही दोनदा बदलला. योगिनी कधी एक ओळ पुढे जायची, कधी तिथेच अडायची. “दिसत नाही” म्हणायला ती हळूहळू शिकली. सुरुवातीला म्हणताना मान खाली घालायची.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर शेवटची मोठी तपासणी झाली. योगिनीला आठ पुरी झाली होती. सिंधू आत, मी आत, आणि शेखर खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाराजवळच्या खुर्चीत, तोंड उघडायचं नाही या अटीवर. योगिनीनं पहिली ओळ वाचली, दुसरी, तिसरी. चौथीतली दोन अक्षरं सांगितली, मग थोडं पुढे वाकून बघितलं आणि म्हणाली, “पुढचं दिसत नाही.”

बाईंनी कागदावर लिहिलं, पेन खाली ठेवलं. “छान आहे. पण आता याच्यापुढे फारसं वाढणार नाही. पट्टी थांबवूया.”

शेखरनं अट मोडली. “मॅडम, ते वर्ष बुडलं नसतं तर?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. या बाईंना खोटं बोलून माणसाचं मन राखायची सवय नव्हती आणि त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात नमस्कारच करते. “अजून दोन-तीन ओळी आल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “बहुतेक.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना पास करणारा माझा भाऊ खाली बघत बसला. मला बोलायला पुष्कळ टोमणे आठवत होते. ते मी राखून ठेवले. सिंधू पर्स आवरण्याचं निमित्त करत होती.

योगिनी अजून स्टुलावरच होती. उजव्या डोळ्यावरची पट्टी काढायची राहिली होती. तिनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि वळून, त्या दोन-तीन ओळी कमी असलेल्या डोळ्यानं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बराच वेळ बघितलं.

“पप्पा, तुम्ही डोळे पुसताय.”

“नाही गं,” शेखर म्हणाला. “कुठं काय!”

“पुसताय,” योगिनी म्हणाली. “मला दिसतंय.”